टोबीचं ‘पण’

टोबी हॅगडॉर्नचे पाय पलंगाबाहेर यायला लागले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. लॉर्नाने, म्हणजे त्याच्या आईने, पायांखाली एक स्टूल सरकवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "व्हर्न, पोराला लांब पलंग करायला हवा." व्हर्न म्हणाला, "करू." व्हर्न फर्निचरच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसाला चाळीस पलंग त्याच्या हाताखालून जातात आणि देशभरातली अनोळखी माणसं त्यांवर पाय ताणून झोपतात. पाच वर्षांत टोबी सहा फूट आठ इंच झाला. स्टूल मात्र तेच राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आमचं सेंट ओडिल हे इंडियानातलं गाव. इथे पोराला चालता यायच्या आत अंगणात बास्केटबॉलचं कडं लागतं. संत ओडिल ही डोळ्यांची संत. तिच्या कृपेने गावात सगळ्यांना फार लांबचं दिसतं, जवळचं तेवढं जरा राहून जातं. टोबी कॉलेजात भूगोल शिकत होता आणि शिष्यवृत्तीवर कॉलेजच्या संघात होता. संघात त्याचा नंबर आठवा. म्हणजे पाच जण खेळतात, दोघे दमतात, मग कोच हताशपणे इकडेतिकडे बघतो, आणि उंचीमुळे जो चटकन दिसतो, तो टोबी.

फेब्रुवारीत एका मॅचच्या आदल्या दिवशी संघाने कुठेतरी शिळं चिकन खाल्लं. टोबीला ते आवडलं नाही म्हणून त्याने बटाटे खाल्ले. दुसऱ्या दिवशी चार खेळाडू संडासात आणि टोबी मैदानात. त्याने सत्तावीस गुण केले. ते टीव्हीवर अकरा सेकंद दाखवले. पुढच्या मॅचला पोटं बरी झाली आणि टोबी परत बाकावर जाऊन बसला. एवढीच खरं तर ही गोष्ट. पण टोबीला एक मामा होता.

क्लीट ब्यूक्लर हा लॉर्नाचा थोरला भाऊ आणि गावातला एकुलता एक न्हावी. गळ्याशी वस्तरा असताना कुणी वाद घालत नाही, त्यामुळे क्लीटचं प्रत्येक मत गावाला पटतं. त्याने ते अकरा सेकंद दुकानातल्या टीव्हीवर इतक्यांदा दाखवले, की मार्च संपेपर्यंत अर्ध्या गावाला टोबीने मोसमभर सत्तावीस-सत्तावीस गुण मारल्याचं आठवायला लागलं.

एका रविवारी क्लीट हॅगडॉर्नांकडे जेवायला आला आणि तोंडातला घास गिळायच्या आत म्हणाला, "पोराचं नाव ड्राफ्टमध्ये घालायचं."

"कशात?" लॉर्ना म्हणाली.

"ड्राफ्टमध्ये. जूनमध्ये मोठ्या लीगचे संघ पोरं निवडून घेतात ना, त्यात. कॉलेज संपायची वाट बघायची नाही. आधीच घालायचं. हल्ली सगळी हुशार पोरं तसंच करतात."

"त्याची दोन वर्षं राहिलीत, क्लीट. त्याला मास्तर व्हायचंय."

"भूगोलाचा मास्तर!" क्लीटने बटाट्यात काटा खुपसला. "जगाचा नकाशा पाठ करून कुणी जग बघितलंय का? आणि घाबरतेस कशाला? नाव घालायचं, ते लोक सांगतात पोरगं कितपत चालेल, आणि नाही पटलं तर मुदतीच्या आत नाव मागे घ्यायचं. कॉलेज आहे तिथेच आहे."

"आणि मुदतीत मागे नाही घेतलं तर?"

"तर कॉलेजातलं खेळणं संपलं, शिष्यवृत्ती संपली. पण विसरायला आपण काय वेडे आहोत?"

लॉर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ती स्वतः कॉलेजात एकच वर्ष गेली होती, मग आईच्या आजारपणात तिने ते सोडलं. टोबीच्या पदवीचा फोटो भिंतीवर कुठे लावायचा, तिथे खिळा ठोकून तिला दोन वर्षं झाली होती. शिष्यवृत्ती गेली असती तर तो खिळा तसाच राहिला असता, आणि हे तिला त्या टेबलावर बसल्याबसल्या स्वच्छ दिसत होतं. तिने व्हर्नकडे पाहिलं. व्हर्न नेहमीप्रमाणे ताटाकडे बघत होता.

"मी काय म्हणतो—" टोबीने सुरुवात केली.

"तू जेव," मामा म्हणाला. "तुझ्या भल्याचं चाललंय."

आता आमच्या गावची एक गंमत सांगायला हवी. गावाच्या पूर्वेला जो मोठा रस्ता आहे, त्यावर जिल्ह्याची हद्द आहे, आणि हद्दीवर वेळ बदलते. रस्त्याच्या पलीकडे घड्याळ एक तास पुढे. त्याला आम्ही ‘पुढचा टाइम’ म्हणतो. अलीकडे, म्हणजे गावात, ‘मागचा टाइम’. व्हर्नचा कारखाना पलीकडे आहे, त्यामुळे तो साडेचारला सुटतो आणि चारला दहा कमी असताना घरी पोहोचतो. निघायच्या आधी घरी पोहोचणारा नवरा लॉर्नाने वीस वर्षं निमूट सांभाळला आहे. बोलताना वेळेबरोबर ‘पुढचा’ की ‘मागचा’ तेही सांगायचं, अशी पद्धत आहे. काहीच सांगितलं नाही तर मागचा धरायचा, कारण चर्च मागच्या टाइमवर चालतं आणि देव कुठल्या टाइमवर आहे याबद्दल गावाला शंका नाही.

नाव घालायची शेवटची तारीख एप्रिलअखेरची होती, पाच वाजेपर्यंत. लीगच्या न्यूयॉर्कच्या ऑफिसला पत्र ईमेलने पाठवायचं होतं. क्लीटने पत्र स्वतः सांगितलं, टोबीने ते फोनवर लिहिलं, आणि पाठवण्याचा सोहळा दुकानात ठरला. साडेतीनला दुकान भरलं. सात जण आले होते, त्यांतल्या तिघांना केस नव्हते.

चारला वीस कमी असताना टोबी म्हणाला, "मामा, आत्ताच पाठवून टाकतो. कारण तिकडे आत्ता—"

"अजिबात नाही!" क्लीटने वस्तरा वर केला. "आत्ता पाठवलं तर त्यांना वाटेल, पोरगं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलंय. अगदी शेवटच्या दहा मिनिटांत पाठवायचं. घाम फुटला पाहिजे त्यांना. हॅगडॉर्नचं पत्र आलं का, हॅगडॉर्नचं पत्र आलं का, असं झालं पाहिजे."

"पण मामा, तिकडे—"

"तिकडचं तिकडे! तू घड्याळाकडे बघ."

टोबीने दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं. मग तो खुर्चीत बसला आणि एक जुनं मासिक चाळायला लागला. क्लीटने तेवढ्यात त्याचे केस फुकट कापले, जे याआधी कधी झालं नव्हतं. पाचला दहा कमी असताना क्लीटने हात खाली केला, जणू काही शर्यत सुटली, आणि टोबीने पत्र पाठवलं. मिनिटभरात फोन वाजला. उत्तर आलं होतं.

"वाच! काय म्हणतात?"

टोबीने वाचलं. त्याच्या भुवया जरा वर गेल्या. "मिळालं म्हणतात, पण—"

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. सात जणांनी टाळ्या वाजवल्या, क्लीटने टोबीला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि तो त्याच्या बरगडीपर्यंतच पोहोचला. घंटा वाजवायला कुणीतरी चर्चकडे पळालं. टोबीने आणखी दोनदा ‘पण’ म्हणून पाहिलं. मग त्याने फोन खिशात टाकला.

त्यानंतर गावाने जे केलं त्याला तोड नाही. गावाच्या वेशीवर एक पाटी होती, ‘१९८७ चे विभागीय उपविजेते’. तेव्हाच्या पराभवाचा गावाला इतका अभिमान होता की दर दोन वर्षांनी ती पाटी रंगवली जायची. बर्नडीन वेअर ही आमच्या ग्रामसभेची अध्यक्ष. तिने एका सकाळी ती पाटी खरवडून तिथे ‘टोबी हॅगडॉर्नचं गाव’ असं लिहून घेतलं. उपविजेत्यांपैकी दोघे अजून गावात आहेत. ते महिनाभर बर्नडीनशी बोलत नव्हते.

मग वर्तमानपत्रात नाव घातलेल्या पोरांची यादी आली. दोनशेच्या वर नावं, मुंगीएवढी अक्षरं. क्लीटने ती कापून दुकानात आरशाशेजारी लावली. बर्नडीनने चष्मा कपाळावर सरकवला, कागदाला नाक लावलं आणि बोट टेकवलं. "हे काय इथे! हॅगडॉर्न!" त्यानंतर जो येईल तो त्याच जागी बोट टेकवून "आहे आहे" म्हणायचा. तिथे बोटांचा काळा डाग पडला. डागाखालचं कुणालाच दिसत नव्हतं, पण दिसत नाही असं संत ओडिलच्या गावात कोण म्हणणार?

चर्चमध्ये लोक टोबीला हात पसरायला लावून मोजायला लागले. शिंपिणीची टेप बाकाखाली कायमची येऊन पडली. "गुडघे कसे आहेत?" असं त्याला रोज दहा जण विचारायचे. गुडघ्यांच्या वरच्या माणसाला कसं वाटतंय हे त्या पाच आठवड्यांत एकाही माणसाने विचारलं नाही. हे मी रागाने लिहितो आहे, कारण न विचारणाऱ्यांत मीही होतो. मी त्याला घोट्यांबद्दल विचारलं होतं.

लीगवाल्यांचं मत मात्र येईना. लॉर्ना रोज भावाला विचारायची.

"काही कळवलं का रे त्यांनी?"

"नाही. हीच तर खूण आहे. ज्याला नको म्हणायचं असतं त्याला माणूस लगेच नको म्हणतो. तू व्हर्नला विचार, त्याने तुला मागणी घालायच्या आधी किती महिने तोंड उघडलं नव्हतं?"

"चौदा," लॉर्ना नाइलाजाने म्हणाली.

"मग!"

पण सगळ्यात मोठा चमत्कार घरी झाला. पत्र पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी व्हर्न कारखान्यातून अक्रोडाच्या फळ्या घेऊन आला, मोटार अंगणात काढली आणि गॅरेजमध्ये पलंग करायला घेतला. साडेसात फुटी. "परगावी गेल्यावर तिथले पलंग कसे असतील कुणास ठाऊक," एवढंच म्हणाला. रोज जेवण झालं की बाप आणि मुलगा गॅरेजमध्ये. टोबी फळी धरायचा, व्हर्न रंधा मारायचा. आणि व्हर्न बोलायचा! लॉर्ना दाराआडून ऐकायची आणि तिचा कानांवर विश्वास बसायचा नाही. लाकडाची शीर कशी ओळखायची, स्वतःच्या बापाने त्याला पहिला रंधा कसा दिला, तो शाळेच्या संघात असताना बाकावरच कसा बसला आणि कुणाला कधी सांगितलं नाही. वीस वर्षांत नवरा जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या पाच आठवड्यांत मुलाशी बोलला. लॉर्नाला बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण झालं. टोबीला निरोप म्हणून. कारखान्याच्या मालकाने भाषण केलं. "आमच्या व्हर्नच्या मुलाला," तो म्हणाला, "गावच्या पहिल्या व्यावसायिक खेळाडूला, कारखान्याकडून साडेसात फुटी खास गादी भेट! येत्या शुक्रवारी घरपोच!" टाळ्या झाल्या. टोबी उभा राहिला, म्हणाला, "मला एक सांगायचं होतं—" आणि फादरांनी प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेत मधे कोण बोलणार?

लॉर्नाला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी ती भावाच्या दुकानात गेली, गिऱ्हाईक खुर्चीत असतानाच.

"क्लीट, त्यांचं मत आलेलं नाही. नाव मागे घ्यायचंय."

"लॉर्ना, काल लोकांनी दीडशे मासे खाल्ले."

"मासे गेले खड्ड्यात. माझ्या पोराची शिष्यवृत्ती जाईल. तू आठव्या नंबरच्या पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस, आणि मी खाली उभी राहून बघत बसले. आता बस. कधीपर्यंत आहे मुदत?"

क्लीटने कधी नव्हे ते बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. "बुधवार. पाच वाजता. तुझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय मी."

बुधवारी लॉर्नाने शाळेतून लवकर सुटी घेतली. कॅलेंडरवर क्लीटच्या अक्षरात ‘५ वाजता’ असं होतं, त्याखाली दोन रेघा. तिने टेबल पुसलं, टोबीला पुडिंगची थाळी दिली आणि समोर बसवलं. क्लीट दुकान बंद करून आला. चार वाजले. यावेळी तिला घाई नको होती, चूकही नको होती. पत्रातला प्रत्येक शब्द तिने तीनदा वाचला.

"आई, एक मिनिट, पण—" टोबी म्हणाला.

"तू पुडिंग खा. मला शब्द मोजू दे."

चार वाजून पंधरा मिनिटांनी व्हर्न आला. त्या दिवशी कारखान्यात जास्तीचं काम होतं. त्याने टोपी काढली, टेबलाभोवतीची गर्दी पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"झालं का पाठवून? सव्वापाच झाले."

"सव्वाचार," लॉर्ना पत्रावरून नजर न काढता म्हणाली. "तुझं घड्याळ पुढचं आहे."

"हो, कारखान्याचं. पुढचं म्हणजे न्यूयॉर्कचंच की."

टोबीने पुडिंगचा आणखी एक चमचा घेतला. लॉर्नाने हळूच मान वळवली. "क्लीट. लीगच्या मूळ कागदावर काय लिहिलं होतं? नुसतं पाच?"

"पाचच." क्लीटने घसा खाकरला. "म्हणजे, पुढे ‘पूर्व’ असं काहीतरी होतं."

"पूर्व?"

"मला वाटलं, पूर्वेकडच्या लोकांसाठी पाच. आपण कुठे पूर्वेकडचे आहोत?"

लॉर्नाने हातातला पेन इतक्या शांतपणे खाली ठेवला की क्लीट दोन पावलं मागे सरकला. मग एकच धांदल उडाली. तिने न्यूयॉर्कला फोन लावला. ऑफिसची वेळ संपली असल्याचं एका यंत्राने अतिशय गोड आवाजात सांगितलं. तिने परत लावला. यंत्राला तिची दया आली नाही. व्हर्न टोपी हातात घेऊन जिथल्या तिथे उभा होता. क्लीटने मोटारीची किल्ली उचलली.

"चला! पश्चिमेला गाडी पळवू! तिकडे अजून पाच वाजायचेत!"

"कुठे?" लॉर्ना ओरडली.

"जाऊ तिथे! डोंगरांच्या पलीकडे तर अजून दोन वाजले असतील! तिथून पाठवू!"

"अरे, न्यूयॉर्क तिथेच राहणार ना, गाढवा!"

क्लीट किल्ली घेऊन दारात थांबला. आपल्या बुद्धीची मर्यादा माणसाला कधीकधी अशी भर दिवसा भेटते. लॉर्ना खुर्चीत बसली, तिने अॅप्रनमध्ये तोंड लपवलं आणि ती रडायला लागली. तिला रडताना क्लीटने आईच्या अंत्यविधीनंतर पाहिलं नव्हतं. "मीच केलं," ती म्हणत होती. "मी त्याच रविवारी नाही म्हणायला हवं होतं. माझं कॉलेज आईमुळे सुटलं, याचं माझ्यामुळे सुटलं."

"आई," टोबी म्हणाला. "रडू नकोस. पण—"

"लॉर्ना, ऐक," क्लीट मधेच म्हणाला, "आपण वकील—"

"गप्प बस!" लॉर्ना उठली. डोळे लाल, केस विस्कटलेले. "एक शब्द बोललास तर तुझ्याच वस्तऱ्याने तुझी जीभ भादरीन! पाच आठवडे पोरगं ‘पण’ म्हणतंय आणि आपण सगळे उचलली जीभ लावली टाळ्याला. बोल टोबी. ‘पण’च्या पुढे काय?"

टोबीने चमचा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याच्या गुडघ्यांकडे कुणीच बघत नव्हतं. तो थोडा गोंधळला. मग त्याने फोन काढून आईपुढे धरला.

"पण माझं नाव ड्राफ्टमध्ये नाहीच आहे."

लॉर्नाने वाचलं. तेच एप्रिलमधलं उत्तर होतं. ‘आपलं पत्र मिळालं. परंतु ते पाच वाजून पन्नास मिनिटांनी, मुदत संपल्यानंतर पोहोचल्याने आपलं नाव दाखल करता येत नाही. आपल्या कॉलेजच्या खेळास शुभेच्छा.’

तिने ते परत वाचलं. मग फोन भावाच्या नाकासमोर धरला. क्लीटने वाचलं आणि तो मटकन स्टुलावर बसला. ते टोबीच्या पायांखालचं स्टूल होतं, पलंग झाल्यापासून स्वयंपाकघरात आलेलं.

"म्हणजे घालतानाही उशीर झाला होता?" क्लीट पुटपुटला. "अरे, पण यादी? यादीत तर नाव आहे! बर्नडीनने बोट ठेवलंय!"

"बोटाखाली हॅगर्टी आहे, मामा. ओहायोचा आहे कुणीतरी. मी डाग पडायच्या आधी वाचलं होतं."

"आणि तुला माहीत होतं? तिकडे पाच वाजून गेलेत हे?"

"मामा," टोबी अगदी हळू म्हणाला, "मी भूगोल शिकतो."

व्हर्नच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसला असावा, पण त्याला हसताना कुणी फारसं पाहिलेलं नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"चारला वीस कमी असताना मी म्हटलं होतं, आत्ताच पाठवतो," टोबी सांगत होता. "तेव्हा पाठवलं असतं तर पोहोचलं असतं. तू म्हणालास, त्यांना घाम फुटू दे. मग मी विचार केला, फुटू दे."

लॉर्नाने मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तो बसलेला होता म्हणून ते जमलं. तिने त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि मग त्याच कपाळावर एक चापट मारली. "आणि सांगितलं का नाहीस रे? त्या दिवशी टाळ्या वाजल्या, कबूल. फादर मधे आले, कबूल. पण पाच आठवडे! मी रोज रात्री जागत होते. मला एकटीला येऊन सांगता आलं नसतं? काय हवं होतं तुला?"

काय हवं होतं तुला. हा प्रश्न विचारायला सगळ्या गावाला पाच आठवडे लागले, आणि तोही चापट मारून झाल्यावर.

टोबीने आईकडे पाहिलं नाही. त्याने बापाकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. पण बाबांनी पलंग करायला घेतला."

व्हर्नने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हा फक्त फळ्या होत्या. म्हटलं, पाय बसेपर्यंत थांबू. मग म्हटलं, पॉलिश होऊ दे. आणि बाबा रोज काहीतरी सांगत होते..." त्याने थाळीत चमचा फिरवला, थाळी रिकामी होती तरी. "सॉरी आई. तू जागी असतेस हे मला माहीत नव्हतं."

लॉर्ना परत रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं, आणि मधेच ती नाक पुसून हसली. क्लीट स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांसमोर वेशीवरची पाटी, दीडशे मासे, बर्नडीन वेअर आणि दोन रुसलेले उपविजेते एकापाठोपाठ एक येऊन जात होते. शेवटी तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"लोकांना सांगावं लागेल," तो म्हणाला. "आजच. मीच सांगतो. चूक माझी आहे."

हे वाक्य क्लीट ब्यूक्लरच्या तोंडून त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदाच निघालं होतं. तो किल्ली घेऊन दाराकडे वळला. तेवढ्यात व्हर्नने एक हात लांब करून दार बंद केलं.

व्हर्नने टोपी खुंटीला अडकवली. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, कारण तो बोलणार आहे हे दिसत होतं आणि ते बघायला मिळणं दुर्मीळ होतं.

"गादी शुक्रवारी येणार आहे," व्हर्न म्हणाला. "शुक्रवारपर्यंत कुणी कुणाला काही बोलायचं नाही."

क्लीटने तोंड उघडलं. "पण—"

"पण नाही," लॉर्ना म्हणाली आणि तिने भावासमोर पुडिंगची थाळी ठेवली. "तू जेव."